ठेक्याखालचे सूर

खानदेशातल्या वरातीत अहिराणी गाण्याची फर्माईश झाली नाही असं सहसा होत नाही. जळगाव असो की धुळे, 'हाई झुमका वाली पोर' किंवा 'केसावर फुगे' वाजल्याशिवाय वऱ्हाडी घामाघूम होत नाहीत. जाणकार मंडळी या गाण्यांवर धांगडधिंग्याचा शिक्का मारून मोकळी होतात. मला तो शिक्का मान्य नाही. भावनेचं काम इथे ठेका करतो, आणि पूर्वीही तोच करत आला आहे.

या मुलखातलं बायकांचं गाणं बघा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, नैवेद्याचे रोट होतात, रात्र जागवली जाते. एक बाई ओळ सोडते, बाकीच्या उचलतात. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, नाहीत; साथीला पेटीही असेलच असं नाही. सगळ्यांचा सूर एकच, पण कुणी कणभर वर, कुणी कणभर खाली, आणि त्यातूनच गाण्याला जाडी येते. बहिणाबाई चौधरींच्या (1880–1951) गाण्यांचंही तसंच. आसोद्याच्या या माउलीच्या बहुतेक ओळी आठ अक्षरांच्या. जात्याचा खुंटा अंगाकडे ओढायला लागणारा जोर वेगळा, लोटायला लागणारा वेगळा. अक्षरं त्या जोरावर आखूड-लांब होतात. दुःखाची ओवी आणि कौतुकाची ओवी एकाच चालीवर जाते, फरक पडतो हाताच्या वेगाने. पुढे 'मानिनी' (1961) चित्रपटात वसंत पवारांनी बहिणाबाईंच्या कवितांना चाली दिल्या आणि जात्यावरचं गाणं वाद्यवृंदासह घरोघरी पोचलं. शब्द तेच राहिले, पण ऐकणाऱ्याला रडवण्याची जबाबदारी आता व्हायोलिनांनीही उचलली.

हे व्हायोलिनवाले बरेचसे गोव्याचे. चर्चच्या संगीतशाळांत स्वरलेखन शिकून मुंबईत आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक नसते, तर हिंदी-मराठी सिनेमाला कॉर्ड इतक्या सहज मानवले नसते. कॉर्ड काय करतो ते पेटीवर बसून दोन मिनिटांत कळतं. वर सा धरून ठेवा. खाली सा-ग-प दाबा: सा घरी आल्यासारखा, निवांत. आता खाली ध-सा-ग करा. वरचा सा तोच, पण तो हुरहुरता होतो. म-ध-सा दाबलंत तर त्याच सा ला पुढे कुठेतरी जायचं आहे असं वाटू लागतं. गाणारा जागचा हललेला नाही, त्याच्या पायाखालची जमीन तेवढी बदलली.

मग हा परिणाम कानांत जन्मजात असतो का? बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा अभ्यास 2016 मध्ये 'नेचर'मध्ये आला. पाश्चात्त्य कानांना गोड आणि कर्कश वाटणारे स्वरमेळ त्यांना सारखेच बरे वाटले. म्हणजे कॉर्डची गोडी बऱ्याच अंशी सवयीची. ठेक्याचा हिशेब निराळा. संशोधक मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की अगदी सरळ ताल कंटाळवाणा होतो, फार गुंतागुंतीचा ताल पायांना सापडत नाही; नाचावंसं वाटतं ते मधल्या अडखळत्या ठेक्यावर. आमच्या ढोलवाल्याला हे सांगायला गेलात तर तो हसेल. ऐन ठोक्यावरची थाप गाळून ती किंचित पुढे-मागे टाकायची, हे त्याच्या मनगटात आहे.

वरातीतला बॅन्जो कॉर्ड आणि ठेका या दोन जगांच्या मधोमध उभा आहे. मुळात तो 1912 च्या सुमाराचा जपानी ताइशोगोतो, नागोयाच्या गोरो मोरितांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून केलेला. इकडे तो बुलबुलतरंग झाला आणि बोलण्यात बॅन्जो. डाव्या हाताच्या बोटांनी कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. कळ दाबली की चालीच्या तारांचा सूर बदलतो, बाजूच्या तारा मात्र एकच सूर धरून झणझणत राहतात. कॉर्ड नाहीतच. तरी त्या झणझणाटाने चाल भरीव वाटते, आणि नखीचा फटकाच ठेका देतो.

कॉर्डची आणि ठेक्याची, दोन्ही रीती एकाच ठिकाणी ऐकायच्या तर 'सैराट' (2016) घ्या. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. 'याड लागलं'मधली ओढ त्या वाद्यांच्या स्वरमेळांतून उसळते; 'झिंगाट' मात्र ठेक्यावर उभं आहे. वरातीत कोणतं वाजतं ते सांगायला नको.

नव्या अहिराणी गाण्यांशी माझं भांडण इथेच आहे. कॉम्प्युटरवरचा तयार लूप चार चौकोनी ठोक्यांत बसलेला असतो, आवाजावर ऑटोट्यून, मागे कीबोर्डचे तेच तीन-चार कॉर्ड. कॉर्ड वाईट नाहीत. चांगल्या हातात तेही रडवतात. पण ढोलकीची लचक आणि बायकांच्या गळ्यातला तो कणभर वर-खाली सूर, दोन्ही घासूनपुसून सपाट केल्यावर अहिराणी फक्त शब्दांत उरते. गाणं करणाऱ्या पोरांनी येत्या श्रावणात स्टुडिओ बंद ठेवून एक रात्र कानबाईच्या मांडवात बसावं आणि मोबाइलवर आज्यांचा आवाज टिपून घ्यावा. लूप त्यातूनच कापावा.