गादी सरकली म्हणजे ऑपरेशनच का?

सोमवारची ओपीडी. चाळिशीचे एक गृहस्थ आत आले ते एका कुशीवर वाकूनच. स्टुलावर बसण्याआधी त्यांनी पिशवीतून एमआरआयची फिल्म काढली आणि टेबलावर ठेवली. "डॉक्टर, मणक्यात गॅप आलाय. दोन गाद्या सरकल्यात. ऑपरेशनची तारीख द्या."

ते ऊसतोडीला जाणारे. तीन आठवड्यांपासून कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ जात होती. 'लगेच ऑपरेशन केलं नाही तर पाय लुळा पडेल,' असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आमच्याकडे नंबर लागला नाही, तर पुढच्या हंगामाची उचल मुकादमाकडून घेऊन खासगीत ऑपरेशन करायची त्यांची तयारी होती.

मी फिल्म बाजूला ठेवून त्यांना तपासलं. दोन्ही पायांचे अंगठे ते ताकदीनं वर उचलत होते. टाचांवर चालले, चवड्यांवर चालले. लघवीची तक्रार नव्हती, ताप नव्हता. "तुम्हाला आज ऑपरेशनची गरज नाही," असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. सरकारी दवाखाना आपल्याला टाळतोय, असंच त्यांना वाटलं असणार.

हा गैरसमज दूर व्हावा, म्हणून आजचा लेख.

'गॅप' म्हणजे नेमकं काय?

दोन मणक्यांमध्ये जागा असायलाच हवी. त्या जागेत चकतीसारखी गादी असते. तिची बाहेरची कडा चिवट आणि आतला गर मऊ असतो. वय वाढतं तसं गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते. म्हणजे झीज झाली की 'गॅप' वाढत नाही, उलट कमी होतो! कधी कडेला चीर पडून आतला गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला टेकतो. मग कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, मुंग्या येतात, खोकलं-शिंकलं की कळ जाते. हीच सायटिका. सायटिकाचं हे कारण आणि त्यावरची शस्त्रक्रिया बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडली. तेव्हापासून 'गर दिसला की काढा' हा विचार रुजला.

पण शरीरही स्वस्थ बसत नाही. बाहेर आलेला गर आपला नाही असं समजून ते तो हळूहळू शोषून घेतं. गंमत म्हणजे पूर्ण बाहेर पडलेला मोठा तुकडा अनेकदा लहान फुगवट्यापेक्षा जास्त विरघळतो. फिल्मवर भीतिदायक दिसणारं चित्र काही महिन्यांनी ओळखू येत नाही, असं आम्ही नेहमी पाहतो.

फिल्म आणि माणूस

एमआरआय हे उत्तम यंत्र आहे, पण ते दुखणं दाखवत नाही, रचना दाखवतं. पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये गादीची झीज दिसली आणि ३० टक्क्यांमध्ये फुगवटा. ऐंशीच्या वयात झीज ९६ टक्क्यांमध्ये होती. म्हणजे 'डिस्क बल्ज' आणि 'डीजनरेशन' हे शब्द बऱ्याचदा केस पिकण्यासारखे असतात. रिपोर्टमधलं ठिकाण, दुखण्याची वाट आणि डॉक्टरांच्या हाताला सापडलेल्या खुणा, या तिन्हींचा मेळ बसला तरच त्या रिपोर्टला अर्थ असतो.

ऑपरेशनचा फायदा कुणाला?

ऑपरेशन वाईट, असं मी म्हणत नाही. नस दबून पाय दुखत असेल, तर ऑपरेशननं आराम लवकर पडतो, यात शंका नाही. प्रश्न आहे तो घाईचा. नॉर्वेतल्या वेबर यांनी १९८३ मध्ये दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी ऑपरेशन झालेले रुग्ण बरे होते, चौथ्या वर्षी दोन गटांतला फरक ठळक उरला नाही आणि दहाव्या वर्षी तो दिसलाच नाही. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तेच चित्र होतं. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय लवकर थांबला. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरं वाटतंय असं सांगत होते. 'थांबू' म्हणणाऱ्या गटातल्या सुमारे ३९ टक्के लोकांना मात्र पुढे ऑपरेशन करावंच लागलं. थोडक्यात, सहा ते बारा आठवडे उपचार घेऊनही पायाची कळ सहन होत नसेल, तर ऑपरेशन हा रास्त निर्णय आहे. तोवर वाट पाहिल्यानं बहुतेकांचं नुकसान होत नाही.

उतारवयात आणखी एक प्रकार दिसतो. थोडं चाललं की दोन्ही पाय जड होतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. इथे नसांचा मार्गच अरुंद झालेला असतो. चालणं फारच कमी झालं असेल, तर तो मार्ग मोकळा करणारी शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

नुसती कंबर दुखते, पायात काही नाही, अशांचं काय? त्यांच्यासाठी स्क्रू घालून मणके जोडण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो. नॉर्वे (२००३) आणि ब्रिटन (२००५) इथल्या चाचण्यांत अशा शस्त्रक्रियेची तुलना नीट आखलेल्या व्यायामाशी आणि रुग्णाच्या मनातली भीती घालवणाऱ्या उपचारांशी केली गेली. फरक नगण्य निघाला. मणका सरकलेला किंवा मोडलेला असेल, तर गोष्ट वेगळी.

जिथे थांबायचं नसतं

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना मला आजही अवघड वाटतं. भाजी विकणाऱ्या एक मावशी कंबरदुखीसाठी आमच्याकडे येऊन गेल्या होत्या. गर्दी होती. गोळ्या लिहून दिल्या आणि त्या गेल्या. चार दिवसांनी त्यांना उचलून आणलं. दोन दिवसांपासून लघवी अडकली होती, बसायच्या जागेची संवेदना गेली होती. 'बाईमाणसानं असं कसं सांगायचं,' म्हणून त्या घरात कुणाशी बोलल्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी पायात मुंग्या येतात म्हटल्यावर मी लघवीबद्दल विचारलं नव्हतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. पाय सुधारले. लघवीवरचा ताबा पूर्ण परतला नाही.

पाठीच्या कण्यात खाली नसांचा घोड्याच्या शेपटासारखा झुपका असतो. मोठी गादी त्यावर दाबली तर तासांचा हिशेब सुरू होतो. शक्यतो ४८ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं. म्हणून पुढच्या खुणा पाठ करून ठेवा:

• लघवी अडकणं, नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं
• जांघा आणि बसायची जागा बधिर होणं
• पाऊल लोंबणं, चप्पल पायातून निसटणं, पायाची ताकद कमी होत जाणं
• संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं
• पडल्यानंतर किंवा पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाला सुरू झालेली पाठदुखी

पहिल्या तीन खुणा दिसल्या तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठा. ताप आणि वजन घटणं यामागे आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग असू शकतो. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आजही तो आमच्या वॉर्डात दिसतो. लवकर कळला तर बहुतेक रुग्ण फक्त गोळ्यांनी बरे होतात, आणि त्या गोळ्या सरकारकडून मोफत मिळतात.

मग घरी काय करायचं?

अंथरुणाला खिळू नका. हेलसिंकीतल्या कामगारांवरच्या १९९५ च्या अभ्यासात, झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवणारे लोक पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारले. थोडं थोडं चाला. शेक घ्या. पट्टा प्रवासापुरता ठीक. महिनोन्‌महिने बांधून स्नायूंना आळशी करू नका. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठर आणि किडनीला महागात पडतात. कळ ओसरली की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका आणि दुखणं थांबल्यावरही तो सोडू नका. कण्यात कुणाकडून तुडवून किंवा झटका देऊन घेऊ नका.

आणि ऑपरेशन सुचवलंच, तर तीन प्रश्न विचारा. माझ्या कोणत्या त्रासासाठी हे ऑपरेशन आहे? ते सहा आठवडे लांबवलं तर काय धोका आहे? यानं पाय थांबेल की कंबरही? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तर तुमचा हक्कच आहे.

ते ऊसतोड कामगार सात आठवड्यांनी परत आले, सरळ चालत. कळ जवळजवळ गेली होती. ऑपरेशन नाही, उचलही नाही. "आता मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढू का?" त्यांनी विचारलं. मोळी लहान बांधा, कमरेतून न वाकता गुडघ्यातून उठा, पहिले काही आठवडे तोडणीच करा, असं मी सांगितलं. ऐकायला मुकादम कितपत तयार होईल, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. औषधाच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिता येतं.

मावशींनंतर मात्र मी एक नियम केला आहे. पाठ दुखते म्हणणाऱ्या प्रत्येकाला, कितीही गर्दी असो, मी विचारतो, "लघवीला नीट होते ना?" तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही स्वतःहून सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.