ओढून घेतलेला श्वास

पहाटे साडेपाच

गच्चीचं दार उघडण्याआधी मास्क चढवतो. कापडी नाही, एन-९५. लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर माझी कबुतरांची ढाबळ आहे: चौदा गिरेबाज आणि लक्क्यांची एक जोडी. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीची धूळ वर्षानुवर्षं छातीत जात राहिली, तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते, आणि दुर्लक्ष केलं तर फुप्फुसं कायमची कडक होतात. मी ब्लूज बँडमध्ये माउथ ऑर्गन वाजवतो. फुप्फुसांवरच माझं पोट आहे. म्हणून कोरडी विष्ठा कधीच खरवडत नाही. आधी पाण्याचा फवारा, मग खरवडणी, मग पिशवीची गाठ घट्ट. वर्षातून एकदा नळीत फुंकून छाती तपासून घेतो.

मग पाणी बदलतो. हा माझा आवडता क्षण. चिमणी चोचीत थेंब घेते आणि मान वर करून गिळते. कबुतर मात्र चोच बुडवतं आणि मान न उचलता ओढून पितं. माझंही वाद्य तसंच आहे. ब्लूजमध्ये माउथ ऑर्गन फुंकण्यापेक्षा ओढूनच जास्त वाजतो. सूर वाकवायचा तर बहुधा श्वास आत घ्यावा लागतो, जिभेचा मागचा भाग किंचित खाली ओढून. लहानपणी हे मला कुणी समजावलं नव्हतं. मी नुसतं फुंकत राहायचो आणि ब्लूज काही निघायचा नाही.

सात

काठीला बांधलेलं फडकं हलवलं की थवा उठतो. पहिल्या दोन फेऱ्या चाळीभोवती, मग गिरणीच्या जुन्या चिमणीच्या दिशेनं, मग वर. गिरेबाज उंचावर गेला की मागच्या मागे कोलांटी घेतो, खाली घसरतो आणि पुन्हा सावरतो. मी तोंड वर करून मोजत राहतो.

आज त्यात एक नवं होतं, चार महिन्यांचं, करड्या पंखांचं. मोठ्यांबरोबर इतक्या वर ते पहिल्यांदाच गेलं. पाऊण तासानं चिमणीच्या अंगानं घार आली, थवा फुटला, आणि छतरीवर, म्हणजे उतरायच्या चौकटीवर, तेरा आली. पुन्हा मोजली. तेराच.

दहा

लक्क्याचा नर घरट्यावर येतो, मादी उठते. कबुतरांत अंडी दोघंही उबवतात; सकाळ उलटल्यापासून दुपार कलेपर्यंत साधारण नराची पाळी, उरलेला दिवस आणि सारी रात्र मादीची. आज सतरावा दिवस. अंडी साधारण अठराव्या दिवशी फुटतात.

खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. "तुझ्या पाखरांनी माझा दमा वाढतो का रे?" त्यांनी हे विचारण्यात काही चूक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दाणे टाकणं थांबावं म्हणून दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री आली, तेव्हापासून चाळीत कबुतर हा शब्द उच्चारला की सगळे माझ्याकडे बघतात. आजींच्या खिडकीची बाजू मी तेव्हाच जाळी आणि पत्र्यानं बंद केली. तसं सांगितलं, आणि पावसाळ्यानंतर ढाबळ पलीकडच्या कोपऱ्यात हलवतो असा शब्दही दिला.

माझं मत विचाराल तर रस्त्यावर पोत्यानं चणे ओतणं हे कबुतरावरचं प्रेम नव्हे. एका पाखराला दिवसाला तीसेक ग्रॅम दाणा पुरतो. माझ्या सोळा जणांना ज्वारी, बाजरी, मका, वाटाणा मिळून अर्धा किलो. ज्याला पाखरू माहीत असतं तो दाणा मोजतो.

दुपारी एक

दुरुस्तीचं टेबल. ए पट्टीच्या माउथ ऑर्गनमधली एक पितळी पट्टी उतरली आहे. टोकाकडे हलकं खरवडलं की सूर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो. केसभर जास्त गेलं तर पट्टी वाया. तीन मुलं शिकायला येतात, त्यांचीही वाद्यं इथंच दुरुस्त होतात.

काम करताना लिटल वॉल्टरचं १९५२ चं 'ज्यूक' लावलं. त्यात गाणं नाही, नुसता माउथ ऑर्गन, माइकसकट तळहातांच्या ओंजळीत धरलेला. वॉल्टर मडी वॉटर्सच्या बँडमधला. मडी १९४३ साली मिसिसिपीची शेती सोडून शिकागोत आला, दिवसा ट्रक चालवायचा, कारखान्यात राबायचा आणि रात्री वाजवायचा. माझे आजोबा रत्नागिरीहून इथं गिरणीत आले. खानावळीत जेवले, गाळ्यात वीस जणांत झोपले, आणि रात्री भजनात टाळ धरायचे. हे संगीत मला परकं का वाटलं नाही, याचं दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

साडेचार

पुन्हा गच्ची. शीळ, डब्यातल्या दाण्यांचा खडखडाट. समोरच्या टॉवरच्या कठड्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर करडे पंख शोधले. पुष्कळ होते, सगळे रानटी.

सव्वासहा

परळहून लोकलनं दादर, तिथून वांद्रे; आज तिथं आमचा कार्यक्रम. माझं सगळं सामान खांद्यावरच्या पिशवीत मावतं: सात माउथ ऑर्गन, एक माइक. ड्रमवाल्याचा हेवा मी कधी केला नाही. साउंड चेकला आमची गायिका म्हणाली, "अरे, लक्ष कुठंय तुझं?" ती वसईची; तिच्या मामांकडे कबुतरं होती.

"एक आलं नाही."

"येईल रे. उजेड असेपर्यंत बाहेर बसतात." आणि तिनं काचेबाहेर पाहिलं. अंधार झाला होता.

साडेनऊ

साठेक माणसं, त्यातली निम्मी जेवायला आलेली. पहिल्या भागात शफल, जलद, लोकांचे पाय हलतील असं. दुसऱ्या भागात ई मधला संथ ब्लूज. बारा मात्रांचा नव्हे, बारा घरांचा फेर, आणि बाराव्या घरातून पहिल्यावर येताना समेवर आल्यासारखं वाटतं. ई साठी मी ए पट्टीचा घेतो. तिसऱ्या छिद्रातून श्वास ओढला की शुद्ध गंधार लागतो. त्याला कोमलाकडे वाकवायचं आणि तिथं पोहोचू द्यायचं नाही. मधेच धरायचं. सगळा ब्लूज त्या मधल्या जागेत आहे असं मला वाटतं.

आज दुपारी दुरुस्त केलेली पट्टी तिथं टिकली. गायिकेनं एक ओळ म्हटली, मी उत्तर दिलं, मग एक ओळ तिनं मोकळी सोडली. मीही वाजवलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या माणसानं काटा खाली ठेवला.

रात्री पावणेदोन

रिक्षा वांद्र्याच्या पुढं येत नाही, म्हणून काळी-पिवळी. गच्चीवर दिवा लावला नाही, मोबाइलचा उजेड बोटांआड धरला. मास्क लावला. ढाबळीच्या तोंडाशी लोंबत्या तारांचं दार आहे; बाहेरून ढकललं की उघडतं, आतून उघडत नाही. त्याच्या फळीवर ओंजळभर ज्वारी ठेवली.

मग लक्क्याच्या मादीखाली हात घातला. तिनं पंखाची चापट मारली. अंडं कानाशी धरलं. आतून टकटक येत होती, बारीक, थांबून थांबून. जपून परत ठेवलं.

गजर साडेपाचचा होता. पाचचा केला.