दिव्या देशमुख आणि आधीच्या विजेत्या
नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. अंतिम फेरीतले दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डावांत तिने कोनेरू हंपीला १.५-०.५ असे हरवले. त्यासरशी, किताबासाठी एरवी लागणारा एकही नॉर्म (ठरावीक दर्जाची स्पर्धा-कामगिरी) गाठीला नसताना, ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. वयाच्या हिशेबात मात्र हंपी सरस. तिने हा किताब २००२ मध्ये, १५ वर्षांची असतानाच मिळवला होता. देशांतर्गत वर्चस्वात रोहिणी खाडिलकर आणि भाग्यश्री साठे-ठिपसे अजून पुढे आहेत: दोघींची प्रत्येकी पाच राष्ट्रीय विजेतेपदे, दिव्याची दोन. रोहिणी तर १९७६ मध्ये, अवघ्या १३व्या वर्षी विजेत्या ठरल्या. अर्थात, त्यांच्या काळी महिला विश्वचषकच नव्हता. तो २०२१ मध्ये सुरू झाला.