मागची चाकं आधी

माझा मावसभाऊ मेट्रोच्या डब्यात पाठमोरा शिरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, फलाटावरच्या कुणाला तरी निरोप द्यायचा राहिला असेल. तो म्हणाला, "व्हीलचेअरची पुढची चाकं बघ केवढीशी आहेत. फटीत अडकली की मी तोंडावर. म्हणून मोठी, मागची चाकं आधी." गेली कित्येक वर्षं लोकलमध्ये फलाट आणि गाडीमधल्या अंतराची सूचना ऐकतोय, पण ते अंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

ही फट पडते कशी? डबा सरळ आणि फलाट वळणावर असला, की डब्याचं मधलं दार तरी फलाटापासून लांब जातं, नाहीतर टोकाचं. लंडनच्या बँक स्थानकातला सेंट्रल मार्गाचा फलाट यासाठी कुप्रसिद्ध आहे. दुसरी भानगड उंचीची. गर्दीने डबा दबला की तळ खाली जायचा. आजच्या मेट्रो गाड्यांत हवेच्या फुग्यांसारख्या स्प्रिंग असतात. डबा रिकामा असो वा गच्च भरलेला, त्या तळ जवळपास फलाटाच्या पातळीत ठेवतात. ब्रिटिश नियमांनुसार आडवी फट 75 मिलिमीटर आणि उंचीतला फरक 50 मिलिमीटर एवढ्यात असेल, तर उतरत्या फळीशिवाय चालतं. म्हणजे सगळा प्रश्न चार बोटांचा.

लंडनची भुयारी रेल्वे जगातली पहिली. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली 1853 मध्ये, त्यानंतर दहाच वर्षांनी, 1863 मध्ये ही सुरू झाली. तेव्हा चाकाच्या खुर्चीचा विचार कोण करणार? पण विसाव्या शतकाचं अखेरचं दशक उजाडेपर्यंत खोल बोगद्यांतल्या मार्गांवर व्हीलचेअरला चक्क मज्जाव होता. आज तिथल्या 272 स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांश स्थानकांतच पायरी न चढता-उतरता जाता येतं. तिथल्या नकाशावर व्हीलचेअरची खूण दोन रंगांत असते. पांढरी म्हणजे रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी नाही. निळी म्हणजे थेट गाडीत शिरेपर्यंत नाही. ही कबुली मला फार आवडली. आपल्याकडे लिफ्ट बसवली की 'सोय झाली' म्हणून मोकळे होतात. लंडनचा नकाशा निदान सांगतो की सोय कुठपर्यंत झाली आहे. 1999 मध्ये वाढवलेला ज्युबिली मार्ग आणि 2022 ची एलिझाबेथ लाइन यांची नवी स्थानकं मात्र लिफ्टसकटच बांधली. जुन्या स्थानकात लिफ्ट घालायची तर वर इमारती, खाली नळ, केबल आणि दुसरे बोगदे. त्यातून विहीर खणायची. आधी बांधलं असतं तर एका भिंतीचा खर्च.

आधी बांधायला लावणारी माणसंही होती. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट रेल्वे 1972 मध्ये सुरू झाली ती लिफ्टसह. त्यामागे हॅरॉल्ड विल्सन यांचा चिवट पाठपुरावा होता. कोळशाच्या खाणीतल्या अपघातानंतर ते व्हीलचेअर वापरत. वॉशिंग्टनमध्ये तर प्रकरण न्यायालयात गेलं. 1976 च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली, पण गॅलरी प्लेस स्थानकात लिफ्टची सोय नव्हती म्हणून ते उघडू दिलं गेलं नाही. डिसेंबरपर्यंत गाड्या तिथे न थांबता पुढे जात राहिल्या. एवढा खमकेपणा आपल्याकडे कुणी दाखवेल?

पुण्यात शिवाजीनगरला जिल्हा न्यायालय स्थानक जमिनीखाली सुमारे 33 मीटर आहे. दुसरा मार्ग तिथेच डोक्यावरून, खांबांवरून जातो. गाडी बदलायची तर पाताळातून गच्चीवर. धडधाकट माणसाला सरकते जिने आहेत; मावसभावाला फक्त लिफ्ट, तीही एक नव्हे. फलाटावरून तिकीट तपासणीच्या मजल्यावर एक, तिथून पुढे दुसरी. त्यातली एक बंद पडली, तर त्याच्यापुरतं स्थानकच बंद. म्हणून तो घरून निघताना गाडीच्या वेळेपेक्षा लिफ्टची चौकशी आधी करतो. एकदा त्याला पुढच्या स्थानकावर उतरून रिक्षाने मागे यावं लागलं होतं. रिक्षात खुर्ची घडी करून कोंबायची, त्याचं वर्णन इथे नको.

मुंबईच्या आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोत 27 स्थानकं आहेत. एक सोडून सगळी जमिनीखाली. 2025 च्या ऑक्टोबरात ती पूर्ण सुरू झाली. फलाटाच्या कडेला काचेची उंच दारं आहेत, त्यामुळे गर्दीत ढकलून खाली पडण्याची धास्ती गेली. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा पाठीशी आहेच. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सरकारला बजावलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीचे नकोत, किमान नियम सक्तीचे करा.

पण नियमाची सत्ता बहुधा स्थानकाच्या दारापाशी संपते. लिफ्ट आपल्याला फूटपाथवर सोडते, आणि फूटपाथ वीतभर उंच असतो. उतार असला तर त्याच्या तोंडाशी गाड्या येऊ नयेत म्हणून रोवलेले खांब, त्यांच्यामधून खुर्ची जात नाही. मावसभाऊ 33 मीटर खोलीतून विनासायास वर येतो आणि शेवटच्या सहा इंचांसाठी कुणाला तरी हाक मारतो, "दादा, जरा हात लावता का?"

दिवाळीच्या खरेदीला मेट्रोने मंडईत जाल, तेव्हा लिफ्टच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट एकदा बघून घ्या. उतारावर हमखास एखादी स्कूटर उभी असेल. ती आपली तर नाही ना, तेवढं पाहा.