सहा वर्षांची नोकरी, जन्मभराचे 'गुरुजी'

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

अंबड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही रोज साने गुरुजींनी लिहिलेली प्रार्थना म्हणायचो. तरी माझ्यासाठी गुरुजी म्हणजे 'श्यामची आई' आणि डोळ्यांत पाणी, बस्स. बीटेक झालं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, तरी तेवढंच. मग एक आकडा वाचला. पांडुरंग सदाशिव साने शाळेत शिक्षक होते फक्त 6 वर्षं, 1924 ते 1930. तरी लोक जन्मभर 'गुरुजी' म्हणाले. का बरं?

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिकवायचे आणि वसतिगृहही सांभाळायचे. पोरांनी खोली तशीच टाकली, की हा एम. ए. झालेला माणूस स्वतः झाडून घ्यायचा, अंथरुणाच्या घड्या घालायचा. रागावणं नाही, भाषण नाही. पोरं आपोआप लाजायची आणि आवरायला लागायची. शिवाय पोरांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक ते हाताने लिहून काढायचे. 1928 मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं.

1930 मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडली. पुढे तुरुंग. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. म्हणजे ट्रान्सक्रिप्टच की! 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. कविताही लिहायचे, 'पत्री' हा त्यांचा संग्रह.

आता पंढरपूर. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पण त्यांच्याच समाजाला देवळात जायला बंदी. गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले, गावोगावी लोकांशी बोलले. मग 1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मंदिर सगळ्यांना खुलं करायचं मान्य झालं, तेव्हा 10 मेला उपोषण सोडलं. मला यात वसतिगृहाचीच रीत दिसते: दुसऱ्याला सांगण्याआधी त्रास स्वतः घ्यायचा.

हे मला का लागलं, सांगतो. मागच्या दिवाळीनंतर मी रविवारी गावातल्या पोरांना कोडिंग शिकवायला लागलो. तिसऱ्या रविवारी निम्मी पोरं गायब. मी ग्रुपवर तिरसटासारखा मेसेज टाकला, 'शिकायचं नसेल तर सांगा.' कोणीच उत्तर दिलं नाही. वसतिगृहाची गोष्ट वाचल्यावर एका पोराच्या घरी गेलो. घराला कुलूप. सगळे शेतात कापूस वेचत होते, तोही. मला बघून म्हणाला, "सर, अंधार पडल्यावर येऊ का?"

आता आमचा वर्ग संध्याकाळी सातला असतो. लाईट असली तर.

तुमच्या गावात असे कोणी गुरुजी होते का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!