उंची एसएमपीएसची पारख : पेटी, बांधणी आणि केबल

भिंतीवरील सॉकेटमधून येणाऱ्या २३० व्होल्टच्या एसी प्रवाहाचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी प्रवाहात रूपांतर करणारा पॉवर सप्लाय, ज्याला बाजारात सर्रास एसएमपीएस म्हणतात, हा संगणकाचा असा भाग आहे की ज्याकडे ग्राहकाचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांत स्विचगिअर व इतर विद्युत साहित्य तयार करणाऱ्या नाशिकला मात्र या विषयाचे मर्म समजण्यास वेळ लागू नये. कारण जोड सैल राहिला की तेथेच उष्णता साठते, हे त्या कारखान्यांतील प्रत्येक कारागिराला ठाऊक असलेले सत्यच महागड्या एसएमपीएसच्या परीक्षेतही निर्णायक ठरते.

पेटीचा विचार सजावटीसाठी नव्हे, तर प्रवासासाठी करावा. मुंबई-भिवंडीकडून ट्रकने कसारा घाट चढून नाशिकला येणाऱ्या मालात एसएमपीएस असेल, तर त्यातील जड ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कॅपॅसिटर मुख्यतः डागाच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, आधाराने सर्किट बोर्डावर उभे असतात आणि जोराच्या आदळआपटीत हे डाग तडकू शकतात; म्हणून दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारा जाड फोम हे चांगल्या पेटीचे पहिले लक्षण होय. मखमली पिशवीला त्या मानाने काहीच महत्त्व नाही. पेटीतील कॉर्डची पिन भारतीय सॉकेटची आहे ना, हे पाहावे, आणि १६०० वॅटसारख्या मोठ्या एसएमपीएसला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागत असेल, तर तो साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नये.

बांधणीची पारख उपकरण न उघडता करावी लागते, कारण आतील मुख्य कॅपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही काही काळ जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. त्यामुळे लेबल वाचणे हाच सामान्य ग्राहकाचा मार्ग. ‘एटी प्लस’ या कार्यक्षमतेच्या श्रेणीत, २३० व्होल्टवर आणि निम्म्या भारावर, गोल्डसाठी ९२ टक्के, तर टायटॅनियमसाठी ९६ टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते. म्हणजे संगणकाला ६०० वॅट पुरवताना १२०० वॅटचा गोल्ड एसएमपीएस सुमारे ५२ वॅट, तर टायटॅनियम केवळ २५ वॅट उष्णतेच्या रूपाने वाया घालवतो. ही चाचणी सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानात होते आणि नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, हे लक्षात घेतले तर श्रेणीच्या बिल्ल्याइतकेच महत्त्व ‘पूर्ण क्षमता ५० अंशांवर’ या उल्लेखाला आणि १०५ अंशांच्या कॅपॅसिटरना द्यावे लागते. कॅपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा विद्युत अभियांत्रिकीतील ढोबळ नियम आहे, आणि दहा-बारा वर्षांची वॉरंटी देणारा उत्पादक याच ठिकाणी पैसा खर्च करतो.

खरी परीक्षा मात्र केबलमध्ये होते. ग्राफिक्स कार्डला वीज देणारा १६ पिनांचा नवा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत पुरवठा करतो. १२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, आणि हा प्रवाह सहा पिनांत वाटला जात असल्याने प्रत्येक पिनेच्या वाट्याला आठ अँपिअरहून अधिक येतो. इतक्या बारीक पिनेसाठी हा भार मोठा आहे. २०२२ च्या अखेरीस काही महागड्या कार्डांचे कनेक्टर वितळल्याची प्रकरणे जगभर गाजली, तेव्हा कनेक्टर पूर्ण आत न बसणे हे त्यामागील एक मुख्य कारण असल्याचे दिसून आले. त्यानंतर आलेल्या ‘१२व्ही-२×६’ या सुधारित रचनेत वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब आणि कार्डाला संकेत देणाऱ्या पिना आखूड करण्यात आल्या, जेणेकरून जोड अर्धवट असेल तर कार्डाला पूर्ण भार ओढण्याची परवानगीच मिळू नये. तरीही कनेक्टर ‘टक्’ आवाज होईपर्यंत आत ढकलणे, वायरला कनेक्टरपासून सुमारे ३५ मिलिमीटर सरळ ठेवून मगच वळवणे आणि जाड १६ गेजची वायर आहे का हे छापील मजकुरावरून तपासणे, ही काळजी जोडणी करणाऱ्यानेच घ्यावयाची असते.

मॉड्युलर, म्हणजे सुट्या निघणाऱ्या, केबलची बाजू आणखी नाजूक आहे. एसएमपीएसच्या बाजूकडील पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीत, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही, वेगळी असते. त्यामुळे एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला सहज बसली, तरी ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क कायमची जळू शकते. एसएमपीएस बदलला, की जुन्या केबल कॅबिनेटमध्ये राहू न देता त्याच्यासोबतच बाहेर काढाव्यात, आणि मूळ पेटी, फोम व बिल वॉरंटी संपेपर्यंत टाकू नये.