सद्गृहस्थ कोणाला म्हणावे?



"तो माणूस म्हणजे अगदी जंटलमन" असे आपण सहज म्हणून जातो. कडक इस्त्रीचे कपडे, मृदू बोलणे आणि दारात बरी गाडी दिसली की ही पदवी देऊन मोकळे होतो. मोपा-पेडणे भागात सध्या जे दिवस आले आहेत, त्यांत या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे प्रत्येक घराला गरजेचे झाले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

इंग्रजीतील 'जंटलमन' म्हणजे मुळात चांगल्या कुळातला, पोटासाठी अंगमेहनत करावी न लागणारा पुरुष. पोर्तुगीजांचा 'फिदाल्गु' हा शब्दही तसाच. त्याचा मूळ अर्थ 'कशाचा तरी पुत्र', म्हणजे ज्याच्या बापाकडे काहीतरी होते असा. दोन्ही शब्द जन्माकडे बोट दाखवतात. आपला 'सभ्य' हा शब्द 'सभा' या शब्दापासून आला. सभेत बसण्यास जो योग्य, तो सभ्य. ही योग्यता वागण्याने मिळवावी लागते.

आपल्या तालुक्यातही पूर्वी मोठेपणाच्या खुणा ठरलेल्या होत्या. भाट, बागायत, देवळातील मान, पोर्तुगीज दरबारची पदवी. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला तर 'व्हिस्कोंद' हा किताब होता. भाटकार भला असेल तर मुंडकाराच्या आजारपणाला, मुलीच्या लग्नाला उभा राही. तो भला नसेल तर मुंडकाराने घर सोडून जायची तयारी ठेवायची. भलेपणा ही एकाची मर्जी होती आणि दुसऱ्याचे छप्पर त्या मर्जीवर उभे होते.

मुक्तीनंतर हे बदलले. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने कसणाऱ्याला व राहणाऱ्याला हक्क दिले. मुंडकाराला बेकायदा हुसकावून लावता येत नाही, राहते घर रीतसर विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. मग कायद्यानेच सगळे ठरवले तर सद्गृहस्थाला करण्यासारखे काय उरले? आमच्या मते बरेच उरले आहे. कायदा हक्क देतो, पण तो हक्क सुखाने मिळणार की वर्षानुवर्षे खेटे घालून, हे पुष्कळदा समोरच्या माणसावर अवलंबून असते.

मोप्याच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. जिथे काजू आणि गुरांची चरण होती, त्या परिसरातील जमिनीला भाव आला. भाव आला की माणसाची परीक्षा सुरू होते. बँकेत कर्जाचे कागद पाहण्यात आमचा जन्म गेला, त्यामुळे ही परीक्षा कोणत्या टेबलांवर होते ते आम्ही सांगू शकतो.

पहिले टेबल मामलेदाराचे. मुंडकाराने नोंदणीसाठी अर्ज केला आहे. तो आपल्या आजोबांच्या काळापासून तिथे राहतो हे भाटकाराच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. "होय, हे आमचे मुंडकार" एवढे एक वाक्य बोलले तर एका कुटुंबाची अनेक वर्षे वाचतात. वकील लावून तारखा वाढवता येतात, हे माहीत असूनही जो ते वाक्य बोलतो, तो सद्गृहस्थ.

दुसरे टेबल उपनिबंधकाचे. गोव्यात वारसाहक्कात मुलगा-मुलगी समान आहेत. पोर्तुगीज नागरी संहितेपासून ही रीत चालत आली आणि आजच्या गोवा उत्तराधिकार कायद्यातही ती आहे. म्हणून जमीन विकताना बहिणीची आणि सहसा मेव्हण्याचीही सही लागते. चतुर्थीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे जेवणानंतर कागद ठेवून "ताई, इथे जरा सही कर" म्हणणारे भाऊ आहेत. तिने आपखुशीने हक्क सोडला तर प्रश्न नाही. पण जमिनीचे क्षेत्र किती, ठरलेला भाव किती आणि तिचा वाटा किती, हे सही मागण्यापूर्वी सांगणे भावाचे काम आहे. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला आम्ही संमती म्हणत नाही.

तिसरे टेबल बँकेचे. पर्यटनासाठी टॅक्सी घ्यायची म्हणून मित्राला जामीन राहायला सांगितले जाते. जामीन म्हणजे ओळख पटवण्याची सही, असा पुष्कळांचा समज आहे. भारतीय करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर वसुली जामीनदाराकडूनही होते आणि त्याचे सिबिलही खराब होते. मग त्याला मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मिळणे कठीण. म्हणून हप्ता अडणार असे दिसताच जो आधी जामीनदाराच्या घरी जाऊन खरे सांगतो, तो सद्गृहस्थ. फोन बंद करून बसतो त्याची इस्त्री कितीही कडक असो.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. समोरच्याला कमी माहिती असते किंवा त्याची बाजू दुबळी असते, आणि त्याचा फायदा घेतला तरी बहुधा कोणी विचारणार नसते. अशा वेळी जो तो फायदा घेत नाही, तो भला माणूस. यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. कपड्यांचाही नाही. ज्यांचे नाव विमानतळाला आहे ते मनोहर पर्रीकर देशाचे संरक्षणमंत्री झाले तरी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आणि चपलांत वावरत.

मोप्यापासून पत्रादेवी जवळच. तिथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशातील सहोद्रादेवी राय जखमी झाल्या, तेव्हा पंजाबातील इसडू गावचे तरुण कर्नेल सिंग पुढे झाले आणि त्यांना वीरमरण आले. या मातीत त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. आपल्या नावावर ती आहे, आणि तिला आता भावही चांगला आला आहे.

येत्या चतुर्थीला घरची सगळी माणसे एकत्र येतील. तेव्हा घराचे कागद बाहेर काढावेत, बहिणींसमोर मोठ्याने वाचावेत, आणि मुंडकाराचा अर्ज पडून असेल तर त्यावर काय करायचे ते त्याच बैठकीत ठरवावे, एवढीच आमची सर्वांना विनंती.